हुपरीची फुंकणी आणि मालवणचं स्कुबा

ज्या मुलीला पोहता येत नाही, तिला समुद्राचं शिक्षण का घ्यायचं असतं?

हा प्रश्न मला बाबांनी एप्रिलमध्ये विचारला. एवढंच सांगता येतं की मी प्राणीशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि तीन वर्षं कॉलेजच्या काचेच्या कपाटात प्रवाळ बघितलं. पांढरं, कोरडं, तळाला कागदी लेबल चिकटवलेलं. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हा प्राणी जिवंत असताना रंगीत असतो. आमच्यापैकी कुणीही तो रंग पाहिलेला नव्हता. शिकवणाऱ्या मॅडमनीसुद्धा नाही, हे त्यांनी प्रांजळपणे सांगितलं होतं.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. पदवी मिळाल्यावर वर्षभरापूर्वी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. बाबा तिथेच दुसऱ्या कारखान्यात हेल्पर आहेत. सकाळी आम्ही एकाच गाडीने जातो, ते त्यांच्या गेटला उतरतात, मी दोन गेट पुढे. आपली मुलगी पांढरा कोट घालून काम करते, हे त्या गाडीतल्या प्रत्येक माणसाला बाबांकडून किमान दोनदा कळलेलं आहे. त्यामुळे समुद्रविज्ञानात एम.एस्सी. करायचं, त्यासाठी नोकरी सोडून किनाऱ्यावरच्या कॉलेजात जायचं, असं मी जेवताना म्हटलं तेव्हा त्यांचा हात ताटातच थांबला.

"शेततळ्याजवळनं जाताना तू माझा हात धरतीस," ते म्हणाले. "आन समुद्रात शिकाय जाणार व्हय?"

"शिकल्यावर भीती जाते, बाबा."

"मग आधी एकदा खाली जाऊन ये. न्हाई जमलं तर गप नोकरी करायची. जमलं तर भर फॉर्म, मी आडवा येणार न्हाई."

"व्हिडिओ काढून आणते."

"व्हिडिओत तोंडावर काच आन दातात नळी. कुणाचाबी असंल. तुझी आई जाईल संगं. ती बघंल आन मला सांगंल."

आई तेव्हा भाकरी थापत होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "माझं काम कोण करणार?" एवढंच म्हणाली. पण मी तिला ओळखते. नाही म्हणायचं असतं तेव्हा ती प्रश्न विचारत नाही.

फॉर्मची शेवटची तारीख मेअखेर होती. हातात चार आठवडे.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी तयारीचं आधी सांगते. स्कुबासाठी अंदमानलाच जायला हवं असं नाही. कोल्हापूरकरांना मालवण पाच-सहा तासांवर आहे. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. पाणी सगळ्यात स्वच्छ डिसेंबर-जानेवारीत असतं असं सगळे सांगतात, तेव्हा शक्य असेल तर तेव्हाच जा. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. पोहता येण्याची अट नसते, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून असतो. दमा, रक्तदाब, कानाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि फॉर्मवर खोटं लिहू नका. पैसे माणशी हजाराच्या आगेमागे, बोट आणि व्हिडिओ धरून. तो आकडा ठिकाणाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे बदलतो.

मी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने मला प्रश्नच विचारू दिले नाहीत. दुसरा म्हणाला, "मॅडम, पाच मिनिटांत शिकवतो, टेन्शन नाय." मला टेन्शन आलं. तिसरा नितेश. मी पोहता येत नाही म्हटल्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, "आधी सांगितलात ते बरं केलात. अर्धा तास लवकर या. बोटीच्या शिडीला धरून पाण्यात तोंड घालून शिकवीन. श्वास जमला तरच खाली नेणार, नाहीतर पैसे परत." मी त्याच्याकडेच नाव नोंदवलं. जो नेणार नाही म्हणू शकतो त्याच्याबरोबर जावं, असा माझा हिशेब.

आईची एकच अट होती, बुद्धपौर्णिमा झाल्याशिवाय ती हलणार नाही. विहारातल्या खिरीचं पातेलं तिच्याकडे असतं. पौर्णिमा झाली, पातेलं घासून परत गेलं आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही निघालो.

शुक्रवार

हुपरीहून पहाटेची पहिली एसटी, कोल्हापूरच्या स्टँडवर चहा, आणि सातच्या सुमारास मालवणची गाडी. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च नगण्य आहे. गाडी राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरते. खिडकी डाव्या बाजूची घ्या.

आई खिडकीत बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी. मी सांगितलं होतं की तिथे जेवण मिळतं. ती म्हणाली, "मिळतंय की. आवडंल कुणाला ठावं."

दाजीपूरच्या जंगलात गाडी शिरली तसा वारा गार झाला. एका वळणावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन उभ्या होत्या. ड्रायव्हरनेच दोन द्रोण घेतले, मग सगळी गाडी उतरली. आईने कंडक्टरला गाठलं.

"पावणं, मालवणात उतरल्यावर समुद्र किती लांब?"

"मावशी, उतरला की वासानं जावा."

"कसला वास?"

"सुक्या म्हावऱ्याचा. लागंल तुमाला, चुकायचा न्हाई."

घाट उतरला आणि सगळंच बदललं. माती लाल झाली, अंगाला घाम चिकटायला लागला, घरांपुढे सुपाऱ्या आणि फणस. कणकवलीत गाडी वीस मिनिटं थांबली, तिथे आम्ही भाकरी खाल्ली. एक वाजता मालवण.

आता स्थानिक फिरण्याचं. मालवण स्टँडपासून आमचा मुक्काम होता ते तारकर्ली गाव सहा-सात किलोमीटर. रिक्षा मीटरने जात नाहीत, बसायच्या आधी ठरवून घ्या. देवबागला जाणारी एसटी त्याच रस्त्याने जाते आणि रिक्षाच्या दहाव्या हिश्श्यात नेते, पण तिच्या वेळा आधी स्टँडवर विचारून कागदावर लिहून घ्या. आम्ही जाताना रिक्षा केली. राहिलो एका घरगुती ठिकाणी: दोन खोल्या भाड्याच्या, पुढे अंगण, अंगणात माडाला बांधलेली कपड्यांची दोरी. खोली दोघींना दीड हजार. मालकीणबाई साठीच्या, सगळे त्यांना काकीच म्हणतात.

"खयसून इलात?" काकींनी विचारलं.

"कोल्हापूर," मी म्हणाले.

"मगे तुमका तिखट होया असतला."

पण ताट आलं ते तिखट नव्हतं. बांगड्याच्या कालवणाला तिरफळाचा वास, तोंडात घातल्यावर जीभ जराशी मुंग्या आल्यासारखी. आईने पिशवीतून खर्डा काढला आणि काकींच्या कालवणात कालवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकींनी ते बघितलं, आत गेल्या, आणि एक वाटी घेऊन आल्या.

"माका पण घाल गो थोडो."

सोलकढीवरून मात्र वाद झाला. आई म्हणाली, ताकात रंग टाकलाय. काकींनी तिला स्वयंपाकघरात नेऊन आमसुलं आणि नारळाचं दूध दाखवलं. आई तीन पेले प्यायली.

संध्याकाळी समुद्र. आईने तो आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, काय म्हणेल म्हणून. ती वाकली, बोट बुडवून चाखलं आणि थुंकली.

"एवढं पाणी आन एका उसाला उपेग न्हाई."

मग चप्पल हातात घेऊन अंधार पडेपर्यंत ती लाटेच्या कडेकडेने चालत राहिली. मला हाक मारायची वेळ आली तेव्हा ती माझ्यापासून अर्धा किलोमीटर पुढे होती.

शनिवार

सकाळी साडेसात वाजता निघालो. काकींच्या शेजारी स्कूटर भाड्याने मिळते, दिवसाला पाचशे, पेट्रोल आपलं, मूळ लायसन्स दाखवावं लागतं. तारकर्लीचा रस्ता अरुंद आहे आणि सुट्ट्यांत मोठ्या गाड्या समोरासमोर अडकतात, तिथे स्कूटरच कामाची. आई मागे बसून प्रत्येक वळणाला माझा खांदा दाबत होती.

नितेशचं दुकान म्हणजे वाळूवर एक पत्र्याची शेड. तिशीचा, उन्हाने काळवंडलेला, वडील मासेमारी करतात, हा दहा वर्षं पाण्याखाली लोकांना नेतो. त्याने फॉर्म दिला, प्रत्येक प्रश्न वाचून विचारला, मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचा गोल म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे वर चला. तळवा हलवला म्हणजे काहीतरी बिघडलंय.

"आणि तुम्ही?" त्याने आईला विचारलं.

"मी बघाय आलीया."

"पाण्याखालचं बोटीतून काय दिसणार, मावशी?"

"ते माझं मी बघते."

आईला साडीवरून लाइफ जॅकेट घातलं. बोटीत आमच्याबरोबर इचलकरंजीचे चार मित्र होते, तेही पहिल्यांदाच. दहा मिनिटांत समुद्रातल्या किल्ल्याच्या बाजूला खडकाळ भागात बोट थांबली. पाणी हिरवट, फार खोल नाही. ते चौघे एकेक करून शिडीवर शिकले आणि खाली पहिली मी जाणार म्हणून आपल्या पाळीची वाट बघत बसले. मग मी.

चष्मा म्हणजे नाकासकट अर्धा चेहरा झाकणारी काच. दातांत रबराचा तुकडा, त्याला नळी, नळी पाठीवरच्या टाकीला. "नाक विसरायचं," नितेश म्हणाला. "तोंडाने आत, तोंडाने बाहेर. बस्स. तोंड पाण्यात घाला."

घातलं. श्वास सोडला, बुडबुडे छान निघाले. आणि आत घ्यायची वेळ आली तेव्हा नाकाने ओढला. काच चेहऱ्यावर गच्च आवळली, कडेने पाणी शिरलं, मी खोकत वर आले.

"होतं पहिल्यांदा. परत."

परत तेच. तिसऱ्यांदा मी मनाशी दहा वेळा घोकून पाण्यात तोंड घातलं, तोंडाने, तोंडाने, तोंडाने. श्वास सोडला. बाहेर सोडायला काहीच अडचण नव्हती, मी पाहिजे तेवढा वेळ सोडू शकत होते. आत घ्यायचं म्हटलं की घसा बंद व्हायचा आणि नाक काम करायला लागायचं. चौथ्या वेळी खारं पाणी घशात गेलं. शिडीला धरून मी पाणी थुंकत राहिले.

"ताई, आमचा नंबर लावू का आधी?" इचलकरंजीवाल्यांपैकी एकाने विचारलं. चांगल्या मनाने विचारलं होतं, पण मला ते लागलं.

नितेश माझ्याजवळ पाण्यातच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बघा, जबरदस्ती नको. हा श्वास असा असताना मी खाली नेणार नाही. पैशाचं मनावर घेऊ नका."

मी मान डोलावली. मला सोमवारची एमआयडीसीची गाडी दिसायला लागली. त्या गाडीत मी पुढची तीस वर्षं बसले असते, त्यात वाईट काही नव्हतं. पण समुद्रापर्यंत येऊन, एका श्वासासाठी, हे मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात वरून आईचा आवाज आला.

"आगं, तू झाळाय बसलीयास व्हय?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या हुपरीत घराघरांत चांदीची पैंजणं बनतात. आई बावीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडते, त्याला झाळणं म्हणतात. आता गॅसची बंदूक आली आहे, पण बारीक कड्यांना ती अजून फुंकणीच वापरते: एक वाकडी पितळी नळी, एक टोक दातांत, दुसरं दिव्याच्या ज्योतीजवळ. फुंकर घातली की ज्योत सुईसारखी होऊन कडीवर जाते. फुंकर मध्येच तुटली तर जोड कच्चा राहतो. म्हणून तोंडाने एकसारखं फुंकत राहायचं आणि त्याच वेळी नाकाने श्वास आत घ्यायचा. गाल फुगलेले ठेवून हे दोन्ही एकदम करावं लागतं. मी सहावीत असल्यापासून सुट्ट्यांत तिच्याशेजारी बसून हेच केलं. आणि पहिल्याच आठवड्यात मी एकदा चुकून नळीतून श्वास आत ओढला होता. ज्योतीजवळची गरम हवा घशात गेली. आईने आधी मला पाणी पाजलं, मग एक थोबाडीत दिली. नळीतून आत ओढायचं नाही, कधीच नाही. हा आमच्या घरातला पहिला नियम.

"दातात नळी आली की तुझं नाक चालू हुतंय," आई बोटीच्या कडेवरून वाकून म्हणाली. "मी केलंय ते. फुंकणी धरलीयास तू. ती ही नव्हं. हिच्याफुडं जाळ न्हाई."

"मला कळतंय गं आई, पण घसा ऐकत नाही."

आईने नितेशकडे हात पुढे केला. "द्या इकडं ते."

"मावशी, तुम्हाला जायचंय?"

"जायाचं न्हाई. द्या."

त्याने बोटीतल्या दुसऱ्या टाकीची नळी तिच्या हातात दिली. आईने रबराचा तुकडा पदराने पुसला आणि दातांत धरला. आणि मी बघितलं की तिलाही जमत नव्हतं. गाल फुगले, नाकपुड्या हलल्या, डोळे आपोआप बारीक झाले, समोर दिवा असल्यासारखे. तिने नळी काढली. नितेशला म्हणाली, "जरा थांबा." दुसऱ्या वेळी तिने डाव्या हाताने स्वतःचं नाक गच्च दाबलं, डोळे मिटले आणि ओढलं. टाकीतून खस्स असा आवाज आला. ती तशीच बसून राहिली. अजून एक. अजून एक.

तिने नळी काढून माझ्याकडे बघितलं.

"गार हाय हवा," ती म्हणाली. "ओढ बिनघोर."

मी तोंड पाण्यात घातलं आणि ओढली. खरोखर गार होती. कोरडी आणि गार, आणि घसा उघडला. पहिल्या दोन श्वासांना मी चष्म्याचं रबर नाकावर दाबून धरलं, मग हात सोडला. नितेशने पाण्याखालून गोल दाखवला. मी गोल दाखवला. पाच मिनिटं आम्ही तिथेच शिडीला धरून राहिलो, मग त्याने मला कंबरेला धरलं आणि आम्ही खाली निघालो.

कानाचं सांगते, कारण ते आधी कुणी नीट सांगत नाही: थोडं खाली गेलं की कान दुखतात. चष्म्याच्या रबरावरूनच नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, कान मोकळे होतात. दर हातभर अंतरावर करा, दुखायची वाट बघू नका. फुंकणं मला येतच होतं.

तळ वीसेक फुटांवर असेल. मे महिना असल्याने पाणी जाहिरातीसारखं निळंशार नव्हतं. हिरवट धुकं, त्यातून उजेडाच्या पट्ट्या तिरप्या येत होत्या. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला, जणू आम्ही रस्त्यातला दगड. मला माझ्याच श्वासाचा आवाज येत होता, आणि दुसरा काहीच नाही. नितेशने एका खडकाकडे बोट दाखवलं.

ते प्रवाळ होतं. मी त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर तरंगत होते. रंग होता, पण मी मनात धरलेला तो नव्हता. मातकट पिवळा, पावसात भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा, आणि कडांना फिकट जांभळा. जवळ गेल्यावर त्या सगळ्या पृष्ठभागावर मोहरीएवढी तोंडं उघडलेली दिसली. शेकडो. एवढी सगळी जनावरं, आणि आम्ही त्यांचं घर लेबल लावून कपाटात ठेवलेलं. मला इतका आनंद झाला की मी नितेशला दोन्ही अंगठे वर करून दाखवले. तो ताबडतोब मला वर न्यायला लागला. मी तळवे हलवले, मान हलवली, गोल दाखवला, पुन्हा तळवे. काचेमागे तो हसत होता हे मला डोळ्यांवरून कळलं.

मला परत खडकाजवळ आणून त्याने कमरेच्या पिशवीतून पावाचा तुकडा काढला. पाव हातात धरला की मासे अंगावर येतात आणि व्हिडिओ भरगच्च होतो. मी नको म्हणून हात केला. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नको केलं. पाव परत पिशवीत गेला. जितका वेळ उरला तितका मी त्या एका खडकासमोर घालवला.

वर आल्यावर आईने विचारलं, "दुखलं का काय?" मी नाही म्हणाले. मग मला हसायला आलं आणि थांबेनाच. इचलकरंजीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "आता जावा तुमी, नंबर लावा."

परतताना नितेश म्हणाला, "पाव नको म्हणालात. तुमच्या व्हिडिओत मासे कमी दिसतील."

"माशांनी पाव खाऊ नये."

"माका काय ठाऊक नाय? पण लोक मासे मागतात. मी नाही दिला तर शेजारच्या बोटीत जातात." त्याने इंजिन जरा कमी केलं. "तुम्ही शिकलेले लोक येऊन सांगा ना इथे. आमचं कोण ऐकतं?"

खरं तर त्या क्षणी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, एक पदवी आणि वीस मिनिटांची डुबकी. पण तो वाक्य टाकून मोकळा झाला आणि मी ते घेऊन बसले.

वाळूवर उतरल्या उतरल्या आईने बाबांना फोन लावला. आई फोनवर बोलते तेव्हा स्पीकर लागतोच.

"गेली का खाली?" बाबांनी विचारलं.

"गेली."

"तू बघितलंस?"

"पाण्यातलं मला कसं दिसंल? बुडबुडं बघितलं."

"बुडबुड्यावरनं काय कळतंय?"

"आवो, बावीस वर्सं फुंकणी धरतीया मी. दम कुणाचा तुटतोय आन कुणाचा न्हाई ते मला सांगू नगा. शिडीवर तुटला, चार बारीला तुटला. खाली गेल्यावर सुरवातीला लटलटला, मग एकसारखा आला. मागनं तर हिचं बुडबुडं कुठलं आन त्या शिकिवणाऱ्याचं कुठलं, मला वळखंना."

"मग आता?" बाबा म्हणाले.

"मग आता काय. आडवं येणार न्हाई म्हणलासा न्हवं तुमी."

रविवार

सकाळी मालवणच्या जेटीवर माशांचा लिलाव बघितला. तो चुकवू नका, फुकट आहे आणि आठनंतर संपतो. आईने लिलाव करणाऱ्या बाईचा आवाज ऐकून मान डोलावली, म्हणाली ही आपल्याकडं गुळाच्या सौद्यालाबी उभी राहील. काकींसाठी आम्ही खर्ड्याची उरलेली बाटली ठेवली, त्यांनी आमसुलं बांधून दिली. गुळात घोळलेला खाजा घेतला, सुके बोंबील घेतले. बोंबील तीन पिशव्यांत गुंडाळा असं मी कळकळीने सांगते. आम्ही एकीत गुंडाळले होते. फोंडा घाट चढेपर्यंत मागच्या बाकावरच्या आजोबांनी चार वेळा विचारलं, "कुणाचं हाय ते?" आणि आई प्रत्येक वेळी बाहेर झाडांकडे बघत होती.

घरी आल्यावर दोन दिवस माझ्या उजव्या कानात पाणी गुळगुळत होतं. व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये आला, त्यात मासे खरंच कमी आहेत आणि मी बहुतेक वेळ एका दगडाकडे बघताना दिसते. मैत्रिणींना तो कंटाळवाणा वाटला. मला विचाराल तर या प्रवासातून सोबत आलं ते पाण्याखालचं कमी आणि बोटीतलं जास्त: आईने नाक दाबून घेतलेला तो श्वास. स्वतःच घातलेला नियम तिने माझ्यासमोर मोडला, तोही पहिल्यांदा न जमता, दुसऱ्या प्रयत्नात. शिकवणं म्हणजे काय हे मला कॉलेजात इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. नितेशचं वाक्यही राहिलं. त्याला सांगण्याजोगं काहीतरी मला शिकायचं आहे, आणि त्याच्याकडून शिकण्यासारखं तर खूपच आहे.

सोमवारी गाडीत त्यांचं गेट आलं तेव्हा बाबा उतरता उतरता म्हणाले, "त्या कॉलेजात लॅब असतीया का?"

"असते."

"कोट घालाय लागतोय?"

"लागतो."

"मग बरं हाय," म्हणाले आणि उतरले.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी कागलमध्ये एका झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फॉर्म भरला. प्रवेशपरीक्षेची फी भरली, पावती छापून घेतली. परत आल्यावर लॅबच्या साहेबांना जाऊन सांगितलं की प्रवेश मिळाला तर मी जुलैपासून येणार नाही, तेव्हा माझ्या जागी कुणाला तरी आत्तापासूनच शिकवायला घेऊ या. ते म्हणाले, चांगली नोकरी आहे, दोन दिवस विचार करून सांग.

मी म्हणाले, "विचार करून झाला, सर. आत्ताच फॉर्म भरून आले."